गोगलगायींच्या गावात चिखलाची शर्यत

मित्रमैत्रिणींनो, शर्यतीतली सायकल डोळ्यांसमोर आणा पाहू! काय दिसलं? गुळगुळीत डांबरी रस्ता, वाकून बसलेला स्वार, वाऱ्यासारखी सुसाट जाणारी चकचकीत सायकल. बरोबर?

आता ते चित्र पुसून टाका आणि हे नवीन चित्र पाहा. डिसेंबर महिना. हाडं गोठवणारी थंडी. वर आभाळ, खाली घोटाभर चिखल. एका जुन्या किल्ल्याच्या उतारावर एक स्वार सायकलवर नाही, तर सायकल स्वारावर बसलेली आहे! म्हणजे तो सायकल खांद्यावर घेऊन धापा टाकत चढ चढतो आहे. त्याचं तोंड, कपडे, चष्मा सगळं चिखलानं इतकं माखलंय की तो नेमका कोण हे त्याच्या आईलाही ओळखू येणार नाही. आणि दोरीपलीकडे उभे असलेले हजारो लोक घसा फुटेस्तोवर ओरडून त्याला म्हणताहेत, "चल! चल! चल!"

ही चूक नाही, अपघातही नाही. या खेळाचं नावच आहे सायक्लोक्रॉस. हिवाळ्यात, रस्ता सोडून, चिखल, गवत, वाळू, चढ-उतार आणि पायऱ्या यांवरून खेळायची सायकल शर्यत. तिच्यातली एक फार नावाजलेली शर्यत होते बेल्जियममधल्या नामूर नावाच्या ऐतिहासिक शहरात, तिथल्या किल्ल्यावर. चला तर, आज तिथे जाऊ या. जुने बूट घाला म्हणजे झालं!

संथ माणसांचं गाव

नामूर हे बेल्जियमची राजधानी ब्रसेल्सच्या आग्नेयेला सुमारे ६० किलोमीटरवर आहे. वलोनिया या फ्रेंच बोलणाऱ्या प्रांताची ही राजधानी. सांब्र आणि म्यूज या दोन नद्यांचा इथे संगम होतो, आणि संगमाच्या बरोबर बेचक्यात एक उंच डोंगर उभा आहे. त्या डोंगरावर पसरलेला आहे नामूरचा भुईकोट नव्हे, चांगला दणकट गिरिदुर्ग!

या गावची गंमत ऐका. बेल्जियममध्ये नामूरची माणसं संथ म्हणून प्रसिद्ध आहेत. बोलणं संथ, चालणं संथ. दुसरं एखादं गाव रागावलं असतं. नामूरकरांनी काय केलं? त्यांनी गोगलगायीलाच आपलं लाडकं चिन्ह करून टाकलं! शहराच्या मुख्य चौकात दोन वल्लींचा पुतळा आहे, आणि त्यांच्यासोबत आहेत गोगलगायी. आपण कुत्रा फिरवायला नेतो ना, तशा!

आणि अशा गावानं आमंत्रण दिलं जगातल्या सगळ्यात चपळ सायकलपटूंना! आता बोला!

पण नामूरकरांचा आणखी एक शौक कळला की मग नवल वाटत नाही. तो शौक म्हणजे उंच लाकडी पायांवर, म्हणजे पायांना बांबूसारख्या काठ्या बांधून, केलेली झुंज. दोन संघ असतात. एकाचा रंग पिवळा-काळा, दुसऱ्याचा लाल-पांढरा. प्रत्येकानं दुसऱ्या संघातल्या गड्याला धक्के देऊन खाली पाडायचं. जो शेवटपर्यंत उभा राहील तो जिंकला. १४११ सालच्या एका फर्मानात या खेळाचा उल्लेख सापडतो, म्हणजे खेळ सहाशे वर्षांहून जुना! डिसेंबर २०२१ मध्ये युनेस्कोनं त्याला मानवजातीच्या सांस्कृतिक वारशाच्या यादीत स्थान दिलं. ज्या गावाला सहाशे वर्षं पडण्याची आणि उठण्याची मजा ठाऊक आहे, त्या गावात सायक्लोक्रॉस रुजलं नसतं तरच आश्चर्य!

दोन इंजिनिअर, एक किल्ला

शर्यत बघायच्या आधी जरा किल्ला बघू या. कारण शर्यतीतला निम्मा खेळ हा किल्लाच खेळतो.

दोन नद्यांच्या संगमावरची जागा म्हणजे जो ती धरील त्याच्या हातात नद्यांचा रस्ता. त्यामुळे नामूरसाठी कितीतरी लढाया झाल्या. त्यांतल्या दोन तर फारच गाजल्या.

१६९२ साली फ्रान्सचा राजा चौदावा लुई स्वतः फौज घेऊन आला आणि त्यानं नामूरला वेढा दिला. त्याच्याबरोबर होता वोबां. किल्ले बांधण्यात आणि किल्ले घेण्यातही त्या काळी युरोपात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. आणि किल्ल्यात कोण होतं? मेनो व्हान कूहोर्न नावाचा डच इंजिनिअर. तोही काही कच्च्या गुरूचा चेला नव्हता. त्यानं तिथे एक नवा कोट बांधला होता आणि तो स्वतःच तो लढवत होता. दोघंही त्या काळचे महारथी. शेवटी वोबां जिंकला. कूहोर्न जखमी झाला, त्याला शरण जावं लागलं. जूनअखेर किल्ला पडला.

मग वोबांनं किल्ला आणखी मजबूत केला. आता हा कोणाच्या बापाला मिळत नाही, असं फ्रेंचांना वाटलं.

पण १६९५ साली इंग्लंडचा राजा तिसरा विल्यम मोठी फौज घेऊन आला. आणि त्याच्या तोफा कुठे डागायच्या हे ठरवत होता... कूहोर्न! तीन वर्षांपूर्वी जिथे तो हरला होता, त्याच डोंगराच्या पायथ्याशी तो परत उभा होता. सुमारे दोन महिन्यांच्या वेढ्यानंतर किल्ला पडला. या दोन वेढ्यांत दोन्ही बाजूंची हजारो माणसं मेली. किल्ल्याच्या गोष्टी ऐकताना आपण राजे आणि सेनापती यांचीच नावं लक्षात ठेवतो, पण त्या उतारांवर चिखलात पडून जे पुन्हा उठलेच नाहीत, त्यांची नावं कुणालाच ठाऊक नाहीत.

आज दिसणारी बरीचशी तटबंदी १८१५ नंतरची, डच राजवटीतली आहे. डोंगराच्या पोटात भुयारांचं जाळं आहे. सगळी मिळून सुमारे सात किलोमीटर! नेपोलियननं या किल्ल्याला 'युरोपातलं वाळवीचं वारूळ' म्हटलं होतं, असं सांगतात. ऑगस्ट १९१४ मध्ये, पहिल्या महायुद्धाच्या सुरुवातीलाच, जर्मन फौजेच्या प्रचंड तोफांनी नामूरभोवतालचे नऊ किल्ले काही दिवसांतच निकामी केले आणि शहर त्यांच्या ताब्यात गेलं. तोफांपुढे तटांचा निभाव लागत नाही हे तेव्हा कळून चुकलं.

मग अशा किल्ल्याचं करायचं काय? नामूरकरांनी तिथे बाग केली, फिरायला वाटा केल्या, मैदान केलं. १९४७ पासून २००७ पर्यंत किल्ल्यावर मोटोक्रॉसच्या, म्हणजे खडबडीत वाटांवरच्या मोटारसायकलींच्या, शर्यती व्हायच्या. झाडांमधून, अगदी एका खानावळीच्या दारावरून त्या गाड्या धडधडत जात. त्या बंद झाल्या आणि २००९ साली त्याच डोंगरावर सायक्लोक्रॉस आलं. आवाज गेला, धूर गेला, चिखल मात्र तोच राहिला! २०११ च्या डिसेंबरात ही शर्यत विश्वचषक मालिकेत दाखल झाली, आणि तेव्हापासून डिसेंबर आला की सायक्लोक्रॉसवाल्यांचे डोळे नामूरकडे लागतात.

हा खेळ आला कुठून?

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला फ्रान्समध्ये दानिएल गूसो नावाचा एक सैनिक होता. त्याचा अधिकारी घोड्यावरून रानात रपेट करायचा आणि हा त्याच्याबरोबर सायकलवरून जायचा. जिथे सायकल चालेना तिथे उतरायचं, ती उचलायची, आणि पुढे पळायचं! त्याला यात इतकी मजा वाटली की त्यानं मित्रांना बोलावलं, आणि १९०२ साली फ्रान्सची पहिली राष्ट्रीय स्पर्धाच भरवली.

पुढे १९१० साली ऑक्ताव लापीझ यानं 'टूर द फ्रान्स' ही सगळ्यात मोठी रस्त्यावरची शर्यत जिंकली आणि हिवाळ्यातल्या सायक्लोक्रॉसमुळे आपण तयार झालो असं सांगितलं. झालं! मग सगळेच चिखलात उतरले. १९५० साली पॅरिसला पहिली जागतिक अजिंक्यपद स्पर्धा झाली आणि ती जिंकली ज्याँ रॉबिक यानं.

पण थांबा. ही स्पर्धा फक्त पुरुषांसाठी होती. मुलींनी विचारायला हवं, "आणि आमची?" तर बायकांची पहिली जागतिक स्पर्धा व्हायला २००० साल उजाडलं. म्हणजे पन्नास वर्षं! जर्मनीची हांका कुपफरनागेल ही पहिली जगज्जेती. २३ वर्षांखालच्या तरुणींची जागतिक स्पर्धा सुरू झाली २०१६ मध्ये, आणि १७-१८ वर्षांच्या मुलींची स्वतंत्र स्पर्धा तर थेट २०२० मध्ये! तोवर सतरा वर्षांच्या मुलीला आपल्यापेक्षा कितीतरी मोठ्या आणि अनुभवी बायकांबरोबर धावावं लागायचं. किती जणींनी त्याच वयात खेळ सोडून दिला असेल, कोण जाणे.

आता मात्र चित्र पालटलंय. नोव्हेंबर २०२२ मध्ये नामूरच्या याच किल्ल्यावर युरोपियन अजिंक्यपद स्पर्धा झाली. पुरुषांत बेल्जियमचा मिखाएल व्हान्टूरनहाउट जिंकला आणि बायकांत नेदरलँड्सची फेम व्हान एम्पल. फेम तेव्हा अवघी २० वर्षांची होती. तिची आणखी एक गंमत म्हणजे सायकलीकडे वळण्याआधी ती फुटबॉल खेळायची! पुढे २०२३, २०२४ आणि २०२५ अशी सलग तीन वर्षं ती जगज्जेती झाली.

शर्यतीचे नियम

नियम सोपे आहेत. एक वळणावळणाची वाट आखतात. लांबी अडीच ते साडेतीन किलोमीटर, रुंदी निदान तीन मीटर. तिच्यावर फेऱ्या मारायच्या. किती? ते आधी ठरलेलं नसतं! शर्यत अंतराची नाही, वेळेची असते. पुरुषांची सुमारे एक तास, बायकांची सुमारे ५० मिनिटं, १७-१८ वर्षांच्या मुलामुलींची सुमारे ४० मिनिटं. सुरुवातीच्या फेऱ्यांना किती वेळ लागला ते पाहून पंच हिशेब करतात आणि किती फेऱ्या उरल्या त्याचा फलक लावतात. शेवटच्या फेरीला घंटा वाजते. म्हणजे चिखल जितका जास्त, फेऱ्या तितक्या कमी.

वाटेत मुद्दाम अडथळे ठेवलेले असतात. सगळ्यात ठरलेला अडथळा म्हणजे दोन आडव्या फळ्या. एकमेकींपासून चार मीटरवर, उंची जास्तीत जास्त ४० सेंटिमीटर. बहुतेक जण उतरून, सायकल उचलून उड्या मारतात. काही पठ्ठे सायकलसकट उडी मारतात. जमलं तर दोन सेकंद वाचतात. नाही जमलं तर... दात वाचवा!

सायकलचा टायर फार जाड चालत नाही. ३३ मिलिमीटरपेक्षा जास्त रुंद टायर लावायला बंदी आहे. सायकलचं वजन ६.८ किलोपेक्षा कमी नसावं. अर्थात दोन फेऱ्यांनंतर तिला लागलेला चिखल धरला तर ती केवढ्याची होते ते ती उचलणाऱ्यालाच विचारा!

आणखी एक कडक नियम आहे. जो फार मागे पडतो, पुढच्याकडून एक फेरी खायच्या बेतात येतो, त्याला पंच बाजूला घेतात. म्हणजे पुढच्यांची वाट अडत नाही. त्यामुळे नामूरला येणाऱ्या कितीतरी खेळाडूंची लढाई पहिल्या नंबरासाठी नसतेच. त्यांची लढाई असते शेवटची घंटा ऐकण्यासाठी! शंभरातून एक जिंकतो हे खरं, पण बाकीचेही काहीतरी कमवायलाच आलेले असतात.

हवा कमी, पकड जास्त

आता एक कोडं. चिखलात जायचं असेल तर टायरमध्ये हवा जास्त हवी की कमी?

बरेच जण म्हणतील, टम्म हवी! चुकलं. सायक्लोक्रॉसवाले टायरमध्ये हवा अगदी कमी ठेवतात. साधारण २० पौंडांच्या आसपास, कधी त्याहूनही कमी. मोटारीच्या टायरमध्येसुद्धा ३० पौंडांच्या आसपास असते! रस्त्यावरच्या शर्यतीच्या सायकलीत तर ७०-८० पौंड किंवा अधिक.

का बरं? टम्म फुगलेला टायर जमिनीला अगदी जरासाच टेकतो. आणि तो कडक असल्यामुळे दगड-मुळांवरून चेंडूसारखा उडतो. कमी हवेचा टायर जमिनीवर पसरतो, मुळाला मूळ आणि खड्ड्याला खड्डा असा आकार घेतो. जमिनीला जास्त टेकतो, म्हणून पकड जास्त. पण फार कमी केली तर दगडावर आदळून चाकाची कड वाकते किंवा पंक्चर होतं. म्हणून शर्यतीच्या सकाळी खेळाडू वाटेवर एक-दोन फेऱ्या मारतात, परत येतात, थोडी हवा सोडतात, पुन्हा जातात. पौंडा-अर्ध्या पौंडाचा हा हिशेब! दुपारी ऊन पडून चिखल चिकट झाला की हिशेब पुन्हा पहिल्यापासून.

सायकलला पाण्याची बाटली अडकवायची जागा नसते, हे कुणाच्या लक्षात आलं का? कारण सायकल खांद्यावर घेताना बाटली मध्ये येते. आणि उतरायचं नेहमी डाव्या बाजूला. का? आपली सायकल जाऊन बघा. चेन कुठल्या बाजूला आहे? उजव्या! तिकडून उतरलात तर पाय चेनमध्ये.

तो भयंकर आडवा उतार

नामूरच्या शर्यतीची सुरुवातच चढानं होते. आठ-आठ जणांच्या रांगा लागतात. दिवा हिरवा झाला रे झाला की सगळे जिवाच्या आकांतानं पायडल मारत सुटतात, कारण पुढे वाट अरुंद होते आणि मग मागच्याला पुढे घुसायला जागा मिळत नाही. पुढे झाडी, मुळं, दगड, खोल घसरण, आणि सायकल खांद्यावर टाकल्याशिवाय पार होणार नाहीत असे चढ. किल्ला बांधणाऱ्यांनी शत्रूला वर येता येऊ नये म्हणून जे उतार राखले, तेच आज खेळाडूंचा घाम काढतात.

पण नामूरचा खरा राक्षस आहे तिथला आडवा उतार. नीट समजून घ्या हं. उतारावरून खाली जायचं नाही, वरही चढायचं नाही. उतारावरून आडवं जायचं! कौलारू घराच्या छपरावर या टोकाकडून त्या टोकाकडे सायकल न्यायची, तसं. आणि छप्पर ओल्या चिखलाचं! गुरुत्वाकर्षण सारखं खाली ओढतं. टायर जरा निसटला की खेळाडू सायकलसकट खालच्या दोरीपर्यंत घसरगुंडी करतो.

मग करायचं काय? चढाकडचा पाय पायडलवरून काढतात आणि जमिनीवर टेकवत टेकवत जातात, तिसऱ्या चाकासारखा. ब्रेक दाबायचा मोह आवरतात, कारण ब्रेक दाबला की चाक थांबतं आणि घसरतं. नजर चाकाकडे नाही, पुढे ठेवतात. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे चाकोरी शोधतात. तीस-चाळीस सायकली गेल्या की चिखलात खोल रेघ पडते. तीच चाकोरी. तिच्यात चाक बसलं की ती चाकाला धरून ठेवते. आपल्याला मोठी माणसं सांगतात, चाकोरी सोडून विचार कर. नामूरच्या उतारावर मात्र चाकोरी सुटली की माणूस गेलाच खाली!

पण दर फेरीला चाकोरी खोल होत जाते. इतकी खोल की पायडल कडेला घासायला लागतं. तेव्हा मात्र कुणीतरी हिंमत करून वरून नवी वाट काढावी लागते. जुनी वाट कधी धरायची आणि कधी सोडायची, हे ज्याला कळलं तो इथे पुढे जातो.

आणि काही वेळा शहाणपण यात असतं की सरळ उतरावं आणि पळावं. नामूरला मोठमोठे जगज्जेते हे करतात. शेजारी एखादा हट्टानं सायकलवर बसून लटपटत असतो, आणि उतरून पळणारा त्याच्या पुढे निघून जातो. आपल्याकडे चढावर सायकलवरून उतरलं की मित्र हसतात ना? इथे कुणी हसत नाही. इथे उतरणं ही हार नाही, ती एक चाल आहे. बुद्धिबळातल्या चालीसारखी.

पिट नावाची जागा

वाटेवर पिट नावाची जागा असते. तिथे प्रत्येक खेळाडूची दुसरी सायकल घेऊन मदतनीस उभे असतात. खेळाडू येतो, चिखलानं जड झालेली सायकल सोडतो, स्वच्छ सायकल घेतो आणि पळतो. मदतनीस घाण सायकल घेऊन धूम ठोकतो, जोराच्या पाण्याच्या फवाऱ्यानं ती धुतो, चेनला तेल देतो, आणि परत येऊन उभा राहतो. फार चिखल असेल तर फेरीत दोन-दोनदा सायकल बदलतात!

मात्र मदत फक्त पिटमध्येच घ्यायची. पिट ओलांडल्यावर चेन तुटली तर उलटं वळून येता येत नाही. सायकल खांद्यावर टाकून पुढच्या पिटपर्यंत पळायचं. कुणी हात लावायचा नाही.

लहान वयाच्या खेळाडूंच्या पिटमध्ये मात्र गंमत असते. तिथे बहुतेक वेळा आई, बाबा, काका नाहीतर दादाच असतो. शर्यतभर त्यांना मुलगा किंवा मुलगी दिसते ती फक्त काही सेकंद. ते त्याच्या जागी पायडल मारू शकत नाहीत. तो पडला तर धावत जाऊन उचलू शकत नाहीत. ते फक्त सायकल स्वच्छ ठेवू शकतात आणि वेळेवर जागेवर उभे राहू शकतात. आई-बाबांनो, ही ओळ तुमच्यासाठी आहे. मुलांच्या परीक्षा असोत की स्पर्धा, आपली जागा पुष्कळदा एवढीच असते, आणि ती लहान नसते.

तिघांची झुंज

नामूरला मोठमोठे खेळाडू झुंजले आहेत. त्यांतले तीन तर या पिढीचे तारे आहेत. नेदरलँड्सचा मात्यू व्हान डर पूल, बेल्जियमचा वाउट व्हान आर्ट आणि इंग्लंडचा टॉम पिडकॉक. डिसेंबर २०२० मध्ये हे तिघंही नामूरला एकत्र आले. पण तेव्हा कोविडची साथ होती. प्रेक्षकांना बंदी. एरवी ढोल, झेंडे आणि तळलेल्या बटाट्याच्या वासानं भरून जाणारा डोंगर अगदी सुनासुना होता. अशा शांततेत त्या तिघांची अटीतटीची शर्यत झाली आणि व्हान डर पूल जिंकला.

व्हान डर पूलच्या घरातच सायकल आहे. वडील आद्री १९९६ चे सायक्लोक्रॉसचे जगज्जेते, आणि आईचे वडील म्हणजे फ्रान्सचे लाडके सायकलपटू रेमाँ पुलिदोर. पुलिदोर 'टूर द फ्रान्स'मध्ये आठ वेळा पहिल्या तिघांत आले, पण पहिले कधीच आले नाहीत. तरीही फ्रेंच लोकांनी त्यांच्यावर विजेत्यांपेक्षा जास्त प्रेम केलं! नातवानं मात्र २०१५ ते २०२५ या काळात सात वेळा सायक्लोक्रॉसचं जगज्जेतेपद मिळवलं, आणि २०२३ मध्ये रस्त्यावरच्या शर्यतीचंही.

हो, तळलेल्या बटाट्यावरून आठवलं. आपण ज्यांना फ्रेंच फ्राइज म्हणतो ते मुळात नामूरचेच, असं तिथले लोक छातीठोकपणे सांगतात. म्यूज नदी हिवाळ्यात गोठली, मासे मिळेनात, तेव्हा लोकांनी बटाट्याचे माशासारखे लांब तुकडे करून तळले, अशी ती कथा. खरी की खोटी यावर विद्वान अजून भांडताहेत. शर्यत बघणारे मात्र भांडत नाहीत. ते खातात!

तुम्हीही करून पाहा

विश्वचषकाची वाट कशाला पाहायची? मोकळं मैदान, डोक्यावर हेल्मेट आणि बरोबर घरचं एखादं मोठं माणूस, एवढं असलं की पुरे.

१. जमिनीवर खडूनं किंवा फक्कीनं चार मीटरवर दोन रेघा मारा. या आपल्या फळ्या. खऱ्या फळ्या नकोत.

२. सावकाश, चालण्याच्या वेगानं या. रेघेआधी डाव्या बाजूला उतरा. दूधवाले काका चालत्या सायकलवरून उजवी टांग मागून फिरवून कसे अलगद उतरतात ते पाहिलंय ना? अगदी तसंच.

३. हँडल आणि मधली दांडी धरून सायकल जराशी उचला, दोन्ही रेघा पळत ओलांडा, सायकल अलगद टेकवा आणि पुन्हा बसा.

४. आता मित्राला घड्याळ लावायला सांगा. पहिल्यांदा किती सेकंद लागले? दहाव्यांदा किती?

एक गोष्ट नक्की लक्षात येईल. वेळ वाचतो तो वेगानं पायडल मारून नाही, तर न अडखळता उतरून आणि न अडखळता बसून. आणि एखादी पंक्चर झालेली किंवा चेन निसटलेली सायकल ढकलत नेणारा मुलगा उद्या रस्त्यात दिसला, तर त्याला हसू नका. विचारा, "पंप देऊ का?"

खेळून झालं की सायकल मात्र स्वतः धुवा बरं का. आपलं पिट आपणच!